प्रस्तावना: किती तऱ्हांची म्हातारपणं

महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्या माणसांचे शाळेचे दाखले चाळले, तर एक जून ही जन्मतारीख पुन्हा पुन्हा भेटते. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, बाप मुलाला घेऊन दारात उभा राहायचा, तारीख त्याला ठाऊक नसायची. गुरुजी मुलाची उंची बघायचे, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता येतो का ते पाहायचे, वर्ष ठरवायचे आणि त्याच्याआधी एक जून लिहून टाकायचे. तोच मुलगा पुढे त्या तारखेच्या हिशेबानं नोकरीतून निवृत्त झाला, त्या तारखेवर त्याला एसटीचं अर्धं तिकीट मिळालं आणि पंचाहत्तरीनंतर फुकट प्रवास. त्याच्या बहिणीला शाळेत घातलंच नव्हतं. तिचं वय आधार कार्ड काढताना चारचौघांना विचारून अंदाजानं टाकलं गेलं. ‘दुष्काळ पडला तेव्हा माझा थोरला रांगत होता,’ एवढं ती नेमकं सांगते. पण श्रावणबाळ योजनेच्या अर्जात दुष्काळाला रकाना नसतो. पासष्ट पूर्ण झाल्याचा कागद लागतो.

वार्धक्याचा अभ्यास करणारं सगळं शास्त्र ‘वय’ या आकड्यापासून सुरू होतं. साठीच्या वर किती माणसं आहेत, सत्तरीनंतर हाडं किती झिजतात, ऐंशीनंतर विसर किती वाढतो, अशी त्याची मांडणी असते. आणि हा पहिलाच आकडा भावाकडे एका वाटेनं आला, बहिणीकडे दुसऱ्या वाटेनं. एकाच घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांत इतकं अंतर असेल, तर सगळ्या ज्येष्ठांना एका शब्दात बांधून त्यांच्याविषयी विधानं करणारं ज्ञान किती खरं मानायचं? हे पुस्तक त्या प्रश्नाचा पाठपुरावा करतं. म्हाताऱ्या माणसांमध्ये आपसांत जो फरक असतो, त्याकडे संशोधकांनी कधी काणाडोळा केला, कधी निरखून पाहिलं, आणि निरखून पाहिल्यावर काय हाती लागलं, याची ही गोष्ट आहे. विषय मराठीत नवा असल्यानं आधी त्याचा नकाशा मांडतो.

या शास्त्राला शतकाहून थोडं अधिक वय आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले एली मेचनिकॉफ यांनी १९०३ मध्ये त्याचं नामकरण केलं. १९०९ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर इग्नाट्झ नॅशर यांनी म्हणणं मांडलं, की लहान मुलांचं जसं वेगळं वैद्यक असतं तसं म्हाताऱ्यांचंही हवं. पुढची काही दशकं जीवशास्त्रज्ञांची आणि डॉक्टरांची होती. शरीर का थकतं, पेशी कशा झिजतात, हे शोधायचं होतं आणि त्यासाठी ‘मानवी शरीर’ नावाचं एकच शरीर पुरेसं आहे असं गृहीत धरलं गेलं. ते शरीर कोणाचं होतं? अमेरिकेत बाल्टिमोरला १९५८ मध्ये एक दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला, तो आजही चालू आहे आणि वय वाढताना शरीरात काय घडतं याविषयीच्या आपल्या ज्ञानाचा मोठा भाग त्यातून आलेला आहे. त्यात पहिली वीस वर्षं एकही स्त्री नव्हती. स्त्रियांना १९७८ मध्ये प्रवेश मिळाला. जे पुरुष होते तेही बहुतेक गोरे, शिकलेले आणि आपणहून आलेले. जगात बहुतेक ठिकाणी म्हाताऱ्या स्त्रिया म्हाताऱ्या पुरुषांपेक्षा संख्येनं जास्त असताना हे घडलं, याचं आज नवल वाटतं. तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

समाजशास्त्राचंही तेच. १९६१ मध्ये इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी कॅन्सस सिटीतल्या लोकांच्या मुलाखतींवरून एक सिद्धांत मांडला: वय झालं की माणूस समाजातून हळूहळू अंग काढून घेतो, समाजही त्याला मोकळं करतो, आणि हे दोघांच्याही सोयीचं असतं. रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांच्या विचाराचे लोक उलट म्हणत होते: जो कामात, माणसांत, मंडळांत गुंतलेला राहतो तोच समाधानी असतो. हा वाद कित्येक वर्षं चालला. विशेष म्हणजे दोन्ही पक्षांची आकडेवारी बरीचशी त्याच शहरातली, त्याच सुस्थितीतल्या मध्यमवर्गाची होती. निवृत्तिवेतन असणाऱ्याला ‘अंग काढून घ्यायचं की गुंतून राहायचं’ हा पर्याय असतो. आपल्याकडे साठी ओलांडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक आजही काम करतात. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणाऱ्या सत्तरीच्या बाईपुढे हा वाद ठेवला, तर तिला त्यात आपलं काय आहे तेच कळणार नाही.

१९६९ मध्ये रॉबर्ट बटलर यांनी म्हाताऱ्यांविषयीच्या पूर्वग्रहाला वंशभेदाच्या आणि लिंगभेदाच्या पंगतीत नेऊन बसवलं. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचे ते पहिले संचालक झाले. बर्निस न्यूगार्टन यांनी १९७४ मध्ये ‘तरुण म्हातारे’ आणि ‘खरे म्हातारे’ असे दोन गट पाडले. साठीपासून शंभरीपर्यंतच्या चाळीस वर्षांना एकच नाव देणं चूक आहे, हे त्यांच्यामुळे रुजलं. फरकाकडे टाकलेली ही पहिली पावलं. पण वयानुसार गट पाडले तरी एकाच वयाच्या दोघांतला फरक तसाच राहतो.

सत्तरीचे दोन गृहस्थ घ्या. एक रोज सकाळी पर्वती चढून येतो, दुसरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला आहे. दोघांची सरासरी काढली तर काठी टेकत घरातल्या घरात फिरणारा एक तिसराच माणूस हाती येतो, जो या दोघांपैकी कोणीच नाही. धोरणं मात्र त्या तिसऱ्यासाठी आखली जातात. समाजशास्त्रज्ञ डेल डॅनेफर यांनी १९८७ मध्ये यावर जो लेख लिहिला, त्याला मी या क्षेत्रातलं खरं वळण मानतो. त्यांचं म्हणणं असं, की एका पिढीतली माणसं वय वाढेल तशी एकमेकांसारखी होत नाहीत, उलट एकमेकांपासून दूर जातात. आणि हे दूर जाणं स्वभावाचं किंवा नशिबाचं नसतं. ज्याला सुरुवातीला थोडं अधिक मिळालं, शाळा, जमीन, बरी नोकरी, त्याला पुढच्या प्रत्येक टप्प्यावर अधिक मिळत जातं. ज्याचं थोडं कमी होतं त्याची तूट साचत जाते. विशीत हाताच्या अंतरावर असलेले दोघं सत्तरीत एकमेकांना दिसेनासे होतात. १९९२ मध्ये डॅनेफर यांनी ॲन नेल्सन यांच्यासह वार्धक्यावरचे आधी प्रसिद्ध झालेले अभ्यास तपासले, तेव्हा कितीतरी अभ्यासांत सरासरी दिलेली होती, पण माणसं त्या सरासरीभोवती किती विखुरलेली आहेत याचा आकडाच नव्हता. फरक मोजता आला असता; मोजावासा वाटला नव्हता.

याला अपवाद होते, आणि त्यांच्याकडे पाहिलं की काम कसं करायचं ते कळतं. १९९० नंतर बर्लिनमध्ये पाउल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१६ जणांचा अभ्यास केला. सत्तरीपासून पंच्याण्णवच्या पुढेपर्यंत सहा वयोगट, प्रत्येक गटात ४३ स्त्रिया आणि ४३ पुरुष. वयाच्या वरच्या टोकाला पुरुष सापडणं अवघड. तरी ते शोधून काढले, कारण नुसती यादीतून माणसं उचलली असती तर नव्वदीच्या पुरुषाविषयी काहीच बोलता आलं नसतं. फरक दिसायला हवा असेल तर नमुना तसा बांधावा लागतो. फरक आपोआप दिसत नाही.

दुसरी एक वाट चळवळींतून आली. अमेरिकेतल्या नॅशनल अर्बन लीग या संस्थेनं १९६४ मध्ये वृद्ध कृष्णवर्णीयांवर अहवाल काढला आणि दुहेरी संकटाची कल्पना मांडली: म्हातारं असणं हे एक, काळं असणं हे दुसरं. पुढे कोणी त्यात स्त्री असणं मिळवलं, कोणी गरिबी. ही बेरीज समजायला सोपी, पण फसवी आहे. अतिशय कठीण आयुष्य काढून नव्वदीला पोचलेली माणसं ही त्यांच्या गटातली सर्वांत चिवट माणसं असतात. अशक्त होती ती आधीच गेलेली असतात. म्हणून खूप वरच्या वयात वंचित गट कधी कधी सुस्थितीतल्या गटाइतकाच, किंबहुना अधिक ठणठणीत दिसतो. जे उरले त्यांना मोजताना जे गेले त्यांना विसरलं, तर निष्कर्ष उलटा निघतो. १९८९ मध्ये किंबर्ले क्रेनशॉ यांनी कायद्याच्या संदर्भात दाखवून दिलं, की वंश आणि लिंग यांची नुसती बेरीज होत नाही, त्यांच्या छेदातून निराळाच अनुभव तयार होतो. वार्धक्याच्या अभ्यासात टोनी कॅलासंती यांच्यासारख्या स्त्रीवादी अभ्यासकांनी हा धागा पुढे नेला. त्याआधी कॅरोल एस्टेस यांनी अमेरिकेत आणि पीटर टाउनसेंड यांनी ब्रिटनमध्ये म्हाताऱ्यांचं परावलंबन हे शरीरातून कमी आणि निवृत्तीच्या नियमांतून, निवृत्तिवेतनाच्या रचनेतून अधिक घडवलं जातं, असा राजकीय-आर्थिक विचार मांडलेला होता.

याच काळात उलट दिशेनं एक प्रबळ कल्पना आली, तिच्याविषयी माझं मत स्पष्ट सांगतो. जॉन रो आणि रॉबर्ट कान यांनी १९८७ मध्ये ‘यशस्वी वार्धक्य’ ही कल्पना मांडली: आजार कमी, शरीर-बुद्धी तल्लख, माणसांत गुंतलेलं आयुष्य. म्हातारपण म्हणजे निव्वळ ऱ्हास, या समजुतीला त्यानं धक्का दिला, हे त्या कल्पनेचं श्रेय. पण यश म्हटलं की अपयश आलंच. चाळीस वर्षं गोण्या वाहून ज्याच्या मणक्यांची चाळण झाली त्या हमालाचं म्हातारपण ‘अयशस्वी’ ठरवायचं का? त्यानं व्यायाम केला नाही म्हणून? माणसाच्या वाट्याला आलेलं आयुष्य बाजूला ठेवून त्याच्या म्हातारपणाला गुण देणं मला अन्यायाचं वाटतं, आणि आपल्याकडच्या आरोग्य-पुरवण्यांनी हीच कल्पना सर्वांत उत्साहानं उचललेली आहे.

जीवनक्रमाचा विचार हा त्यावरचा उतारा आहे. ग्लेन एल्डर यांनी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मुलांवर पुस्तक लिहिलं: १९३० च्या महामंदीत वाढलेली ही मुलं मोठी झाल्यावर त्यांच्या आयुष्यांत ती मंदी कुठे कुठे उमटली. संकट किती मोठं होतं याइतकंच ते आलं तेव्हा मूल किती वर्षांचं होतं, हेही महत्त्वाचं ठरलं. हा प्रश्न महाराष्ट्राला जसाच्या तसा विचारता येतो. १९७२ च्या दुष्काळात जी मुलं पाच-सहा वर्षांची होती, आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जाऊन सुकडी खात होती, ती आता साठीत शिरत आहेत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला तेव्हा पस्तिशीत असलेला कामगार आज पंचाहत्तरी पार करून गेला आहे. सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपातून काही गावी परतले, काही वॉचमन झाले, काहींच्या बायकांनी खानावळी चालवून घर ओढलं. एकाच खात्यात, एकाच सांच्यावर काम केलेल्या दोघांची म्हातारपणं आज कमालीची वेगळी आहेत. कोणाच्या छातीत कापसाची धूळ आहे, कोणाच्या नावावर कोकणात दोन खोल्या आहेत. रत्नागिरीत २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, याचं मूळही मुंबईच्या त्याच चाकरीत आहे. मनिऑर्डरीची वाट बघत ज्यांनी एकटीनं घर सांभाळलं, त्यांचं म्हातारपण पुन्हा तिसरंच.

जीवनक्रम गर्भापर्यंत मागे नेता येतो, आणि हे काम आपल्या पुण्यात झालेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. मुलं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या मुलांच्या मानानं हडकुळी. पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं टिकून असलेली. पुढच्या मधुमेहाची तयारी आईच्या पोटात, आईच्या उपासमारीत सुरू होते, असं सांगणारा हा अभ्यास आहे. पन्नाशीत गाठणाऱ्या रोगाची मुळं आईच्या ताटात असतील, तर म्हातारपणातली विषमता साठीच्या पलीकडे शोधत बसणं फारच उशिरा सुरुवात करणं होय.

मोजमापाच्या साधनांवर थोडं थांबतो, कारण फरकाकडे दुर्लक्ष करण्याचा सर्वांत मोठा फटका तिथे बसतो. स्मृतिभ्रंश ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक छोटी चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. आजची तारीख सांगा. शंभरातून सात वजा करत जा. एक वाक्य लिहा. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून तसेच काढा. ही चाचणी आता एखाद्या न शिकलेल्या आजीपुढे ठेवा. पेन्सिल तिनं जन्मात हातात धरलेली नाही. पंचकोनाच्या जागी एक थरथरती रेघ उमटते. वाक्य लिहिता येत नाही. तारखेला ती अडते. शून्य, शून्य, शून्य. आज काय आहे म्हणून साधं विचारलं तर ती सांगते, ‘दशमी नाही का, उद्या एकादशी, माझा उपास.’ बाजाराचा वार तिला पक्का ठाऊक असतो. कोणाच्या लग्नात कोणी किती आहेर केला ते ती वीस वर्षांमागचं सांगते. चाचणीच्या कागदावर मात्र तिची बुद्धी गेलेली असते.

ही अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगढ भागात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी चाचणीचं हिंदी रूप घडवलं, ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात नुसतं भाषांतर नव्हतं. आठवड्याचे वार उलटे म्हणा, कागदावरची सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरचा डोळे मिटतो तसे मिटा, वाक्य लिहिण्याऐवजी तुमच्या घराविषयी काही सांगा, असे बदल होते. साधन बदललं की माणूस दिसू लागतो. याच परंपरेतल्या साधनांवर पुढे देशव्यापी अंदाज निघाला: साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश आहे, आणि तो स्त्रियांत, खेड्यांत, न शिकलेल्यांत अधिक आहे. आता आपल्या मनातलं चित्र तपासा. मराठीतला स्मृतिभ्रंशावरचा गाजलेला चित्रपट ‘अस्तु’ संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापकाची गोष्ट सांगतो. चित्रपट उत्तम आहे. पण आकडेवारीतला नमुनेदार रुग्ण प्राध्यापक नाही. ती खेड्यातली, शाळेत न गेलेली बाई आहे आणि तिच्यावर अजून कोणी चित्रपट काढलेला मला ठाऊक नाही. म्हातारपणाविषयीची आपली मध्यमवर्गीय जाण ‘नटसम्राट’ आणि ‘संध्याछाया’ या दोन नाटकांनी घडवली: घर देऊन बसलेला बाप, दूर गेलेले मुलगे. ते दुःख खरं आहे. पण मुलांना द्यायला ज्यांच्याकडे घरच नव्हतं, आणि ज्यांची मुलं परदेशी जायच्या ऐवजी ऊसतोडीला गेली, त्यांचं दुःख आपल्या रंगभूमीच्या मधोमध आलं नाही.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना गावातल्या वयोवृद्धांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. कोणती पायवाट कोणत्या पाड्याची, मोह कोण वेचायचं, पूर्वजांची ठिकाणं कुठे, हे म्हाताऱ्याच्या स्मृतीवर ठरतं. गडचिरोलीतल्या एखाद्या गोंड आजोबांना दवाखान्यातला फॉर्म विस्मरणाचा रुग्ण ठरवील आणि त्याच आठवड्यात ग्रामसभा त्यांना साक्षीला बोलावील. दोन्हीकडे स्मृतीच तपासली जाते. कोणती स्मृती ज्ञान म्हणून मोजायची हे कोण ठरवतं, हा प्रश्न मग संशोधकाला टाळता येत नाही.

भारतात या विषयावर काम नाही, असं मुळीच नाही. लॉरेन्स कोहेन यांचं वाराणसीवरचं (१९९८) आणि सेरा लॅम यांचं पश्चिम बंगालमधल्या एका गावावरचं (२०००) पुस्तक ही मानववंशशास्त्रातली दोन मोठी कामं. मार्था चेन यांनी ग्रामीण विधवांवर, पेनी वेरा-सान्सो यांनी चेन्नईच्या वस्त्यांमध्ये राबणाऱ्या म्हाताऱ्यांवर लिहिलं. २०११ मध्ये सात राज्यांत, महाराष्ट्र धरून, ज्येष्ठांची पाहणी झाली. आणि मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभर मोठा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला: पंचेचाळीस व त्यापुढच्या वयाची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० जण, त्यांपैकी साठीपुढची ३१,४६४. त्यातून पुढे आलेला एकच आकडा घेऊ: साठीपुढच्या स्त्रियांपैकी अर्ध्याहून अधिक विधवा आहेत, पुरुषांत विधुर पाचांतला एकही नाही. ‘ज्येष्ठ जोडपं’ हे जाहिरातीतलं चित्र मग पुरुषाच्या बाजूनं काढलेलं चित्र ठरतं.

जातीचा फरक आपल्याकडे फार उशिरा मोजला गेला. उत्तर आणि पूर्व भारतातल्या नऊ राज्यांच्या आकडेवारीवरून संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी २०२२ मध्ये दाखवलं, की उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून अधिक आणि दलितांचं तीन वर्षांहून अधिक कमी आहे, आणि हा सगळा फरक केवळ गरिबीनं समजावता येत नाही. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नाही. म्हातारपण सगळ्यांच्याच वाट्याला सारखं येतं असं मानणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. कित्येकांच्या वाट्याला ते येतच नाही.

हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर इथे आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची १० कोटी ३८ लाख माणसं होती. केरळात लोकसंख्येच्या १२.६ टक्के, गोव्यात ११.२, महाराष्ट्रात ९.९. २०३६ पर्यंत देशातला आकडा सुमारे २३ कोटींवर जाईल असा सरकारी अंदाज आहे. योजना आत्ता आखल्या जात आहेत, आणि त्या ‘ज्येष्ठ नागरिक’ या एकाच माणसाला डोळ्यांपुढे ठेवून आखल्या जात आहेत. एसटीचा फुकट प्रवास घ्या. चांगली योजना आहे. पण ज्या पाड्यावर एसटी जातच नाही तिथल्या म्हातारीला ती शून्य रुपयांची आहे. केंद्राच्या वृद्ध निवृत्तिवेतनातला वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला महिना २०० रुपये आहे, ऐंशीनंतर ५००. ऐंशीपर्यंत कोण पोचतं, हे वरच्या परिच्छेदात आलंच आहे.

नवी सर्वेक्षणं मोठी आहेत, पण त्यांच्या जाळ्यातूनही माणसं निसटतात. कुटुंबांची यादी करून घरोघरी जाणाऱ्या पाहणीत वृद्धाश्रमातले, मठातले, रस्त्यावरचे, तुरुंगातले म्हातारे येत नाहीत. तृतीयपंथी वृद्धाला त्याचा चेला सांभाळतो, पण प्रश्नावलीतल्या ‘मुलं किती’ या प्रश्नाला चेला चालत नाही. दिवाळीनंतर बीडमधल्या गावांत गेलात तर घरांना कुलपं असतात, माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. खाडा झाला की दंड. म्हातारं माणूस मागे राहिलं तर नातवंडं सांभाळत, घर राखत राहतं. त्याच जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनानं केलेल्या तपासणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, आणि त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्याही आतल्या होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण पुढे आलं. अंडाशयंही काढली गेली असतील तर रजोनिवृत्ती एका शस्त्रक्रियेत येते आणि हाडं झिजायला तेव्हापासून सुरुवात होते. या बाईचं म्हातारपण कधी सुरू झालं असं समजायचं? साठीला? पासष्टला? ती पंचेचाळीस वर्षांची होऊन पाहणीत यायच्या आतच ते तिच्या अंगात शिरलेलं असतं.

फरकाच्या अभ्यासातही एक धोका आहे आणि या पुस्तकात लेख लिहिणाऱ्यांनी तो टाळायचा प्रयत्न केला आहे. दलित ज्येष्ठ, आदिवासी ज्येष्ठ, मुस्लिम ज्येष्ठ, विधवा, असे रकाने पाडले की प्रत्येक रकान्यात पुन्हा एक सरासरी माणूस तयार होतो. दलित वस्तीतला निवृत्त शिक्षक आणि त्याच्या शेजारची झाडलोट करणारी विधवा एका रकान्यात बसत नाहीत. म्हणून या संग्रहात समाजगटांनुसार प्रकरणं पाडलेली नाहीत. काम, घर, शरीर, स्मृती, सांभाळ आणि मरण अशा वाटांनी लेख गुंफले आहेत, आणि प्रत्येक वाटेवर जात, लिंग, प्रदेश, भाषा आपसूक भेटत राहतात. लिहिणाऱ्यांत लोकसंख्याशास्त्रज्ञ आणि डॉक्टर आहेत, तसेच घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांत काम करणारी माणसंही आहेत. त्यांची भाषा एकसारखी नाही आणि आम्ही ती एकसारखी केलेली नाही. काही ठिकाणी लेखकांचं एकमेकांशी पटत नाही. तेही तसंच ठेवलं आहे.

पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी ज्येष्ठांवर, मुलांकडे परदेशी जाऊन राहिलेल्यांवर इथे जवळजवळ काही नाही. अपंगत्व घेऊन म्हातारं होणाऱ्यांवर एकच लेख आहे, तो अपुरा आहे. अंध किंवा बहिरं असून साठी गाठणं आणि साठीनंतर दृष्टी किंवा कान जाणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यावर मराठीत स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं.

संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक व्यवस्था मुद्दाम केली आहे. पुस्तकातल्या प्रत्येक तक्त्यात सरासरीच्या शेजारी विखुरण्याचा आकडा छापला आहे, आणि तक्त्याखाली नमुन्यात कोण आलं नाही तेही लिहिलं आहे: कुलूप असलेली घरं, ऐकू न आल्यामुळे वगळलेले, ज्यांच्या वतीनं मुलानं किंवा सुनेनं उत्तरं दिली ते. तक्ते त्यामुळे रुंद झाले आणि दोन ठिकाणी पान आडवं करावं लागलं. वाचताना आधी ती खालची ओळ वाचावी, मग वरचे आकडे.